बुडत का नाही ही गाडी?

‘सायको’ मी पहिल्यांदा पाहिला तो भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर, घरातल्या सगळ्यांबरोबर. न्हाणीघरातला तो प्रसिद्ध खून होऊन गेला होता. आई पदर तोंडाशी धरून बसली होती. नॉर्मन बेट्स खोली स्वच्छ पुसून काढतो, प्रेत गाडीच्या डिकीत ठेवतो आणि गाडी दलदलीत ढकलून देतो. गाडी हळूहळू खाली जाऊ लागते आणि मध्येच अडकते. त्या क्षणी आई पुटपुटली, ‘‘अगं बाई, बुडत का नाही ही?’’ मग आपण काय बोललो ते तिचे तिलाच जाणवले असावे. ती एकदम गप्प झाली.

एका पापभीरू बाईला खुनाचा पुरावा लवकर बुडावा असे वाटायला लावणारा हा माणूस म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. २९ एप्रिल १९८० रोजी तो गेला. त्यानंतर त्याच्यावर ढीगभर पुस्तके निघाली. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने २०१२ मध्ये समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा त्याचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) ‘सिटिझन केन’ला मागे टाकून पहिला आला. तरीही त्याने नेमके काय दिले, हे आपण अजून नीट ओळखलेले नाही, असे मला वाटते.

आपल्याकडे त्याला सरसकट ‘रहस्यपटांचा बादशहा’ म्हणतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकांना हा शब्द जवळचा वाटणारच. पण तो हिचकॉकला लागू पडत नाही. खुनी कोण, हे शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवण्यात त्याला फारसा रस नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने १९६२ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली. त्या मुलाखतीत त्याने एक साधा दाखला दिला आहे. माणसे टेबलाभोवती गप्पा मारत आहेत आणि अचानक खाली ठेवलेला बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा, मग त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकेल. म्हणजे रहस्य लपवण्यातून तयार होते आणि उत्कंठा सांगून टाकण्यातून.

‘व्हर्टिगो’ ज्या फ्रेंच कादंबरीवर बेतला आहे, तिच्यात नायिकेचे गुपित शेवटी उलगडते. हिचकॉकने ते बरेच आधी प्रेक्षकांपुढे उघड केले. नायकाला मात्र ते ठाऊक नाही. त्यानंतर आपण ‘पुढे काय’ एवढाच विचार करत नाही. ‘हे कळल्यावर या दोघांचे काय होईल’ ही काळजी आपल्याला लागते. जो जाणतो त्याच्यावर जबाबदारी येते, आणि हिचकॉक ही जबाबदारी प्रेक्षकाच्या गळ्यात घालतो.

या वृत्तीची मुळे त्याच्या लहानपणात शोधण्याचा मोह होतो. १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या लेटनस्टोन भागात एका भाजीविक्रेत्याच्या कॅथलिक घरात तो जन्मला. लहानपणी वडिलांनी चिठ्ठी देऊन पोलीस ठाण्यात पाठवले आणि तिथल्या माणसाने थोडा वेळ कोठडीत डांबले, ही गोष्ट तो आयुष्यभर सांगत राहिला. पुढे जेझुइट पाद्र्यांची शाळा, केबल कंपनीतली नोकरी आणि मग मूकपटांच्या अक्षरपाट्या रंगवण्याचे काम. १९२४ मध्ये तो बर्लिनजवळच्या स्टुडिओत कामाला गेला. तिथे मुर्नाऊला चित्रीकरण करताना त्याने पाहिले आणि संवादांविना कथा कशी सांगावी, हे तो शिकला.

‘रिअर विंडो’ (१९५४) मध्ये पाय मोडलेला नायक खिडकीशी बसून शेजाऱ्यांची घरे न्याहाळतो. खून झाला असावा, हा त्याचा संशय खरा ठरावा असे आपल्याला मनापासून वाटते. एक बाई जिवंत सापडली तर आपला विरस होणार असतो! दुसऱ्याच्या खिडकीत डोकावण्याची आपली हौस आज मोबाइलच्या पडद्यावर अहोरात्र भागते आहे. त्यामुळे हा चित्रपट मला जुना वाटतच नाही.

हिचकॉकचे अनुकरण मात्र भलत्याच बाजूने झाले. ‘सायको’ (१९६०) साधारण आठ लाख डॉलरमध्ये, दूरचित्रवाणी मालिकेच्या चमूसोबत, कृष्णधवल चित्रित झाला. न्हाणीघरातला पाऊण मिनिटाचा खून टिपायला सात दिवस लागले. त्याला बर्नार्ड हरमनच्या व्हायोलिनांची साथ मिळाली. पुढच्या पिढ्यांनी त्यातला सुरा उचलला आणि दलदल तिथेच सोडली. सुरा कोणालाही दाखवता येतो. आपल्या मनातली दलदल दाखवायला वेगळी ताकद लागते. स्पीलबर्गच्या ‘जॉज’ (१९७५) मध्ये शार्क दिसत नाही, पण पाण्यावर सरकणारे पिवळे पिंप दिसते आणि आपल्या पोटात गोळा येतो. तो मला हिचकॉकचा खरा वारसा वाटतो.

आपल्याकडेही त्याची सावली पडली. त्याच्या ‘रिबेका’वरून (१९४०) बीरेन नाग यांनी ‘कोहरा’ (१९६४) काढला. त्यात वाड्यावरच्या दाईच्या भूमिकेत आपल्या ललिता पवार आहेत. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या, तरी नव्या सुनेइतकेच आपणही अवघडतो. तिथे सुऱ्याची गरजच भासत नाही.

इथपर्यंत कौतुक सोपे आहे. पण हिचकॉकबद्दल लिहिताना आणखी दोन बायकांचा हिशेब मांडावा लागतो. एक त्याची पत्नी आल्मा रेव्हिल. १९२६ मध्ये त्यांचे लग्न झाले. संकलन आणि पटकथा या दोन्हींत ती वाकबगार होती. १९७९ मध्ये जीवनगौरव स्वीकारताना त्याने चार व्यक्तींचे ऋण मानले: एक संकलक, एक पटकथाकार, आपल्या मुलीची आई आणि एक उत्तम स्वयंपाकीण. चौघींचे नाव एकच होते, आल्मा रेव्हिल. तरीही ‘हिचकॉकचा स्पर्श’ म्हणताना तिची आठवण कितीजणांना होते?

दुसरी टिपी हेड्रन. ‘द बर्ड्स’ (१९६३) मधल्या माळ्यावरच्या हल्ल्यासाठी यांत्रिक पक्षी वापरू, असे तिला सांगितले होते. प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी सोडले गेले. २०१६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात तिने हिचकॉकने केलेल्या लैंगिक अतिप्रसंगाबद्दल आणि आपली कारकीर्द संपवण्याच्या धमकीबद्दल लिहिले. उत्तर द्यायला तो हयात नव्हता, हे खरे. पण ‘व्हर्टिगो’चा नायक एका मुलीचे कपडे, केस, चाल आपल्या मनासारखी बदलायला लावतो आणि तिला पार मोडून टाकतो, तो चित्रपट याच दिग्दर्शकाचा आहे. तिचे म्हणणे सहज झटकून टाकावे, असे मला वाटत नाही.

मग त्याचे चित्रपट पाहू नयेत का? ‘कलाकृती वेगळी, माणूस वेगळा’ हे उत्तर मला पळवाट वाटते. बहिष्कारही पटत नाही, कारण त्यात विचार करण्याची गरजच उरत नाही. मला वाटते, उत्तर हिचकॉकनेच दिले आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कळल्यावर वरच्या गप्पा पहिल्यासारख्या ऐकू येत नाहीत. आता आपल्याला कळले आहे. ते जाणून, त्या अस्वस्थतेसकट पाहावे.

अलीकडे मी ‘द बर्ड्स’ पुन्हा पाहिला. माळ्यावरच्या प्रसंगात पूर्वी मी पक्षी पाहायचो, चित्रीकरणाची करामत पाहायचो. या वेळी माझी नजर हेड्रनच्या हातांवरून हलेना. आणि तरीही तो प्रसंग कसा साधला आहे, याची दाद मनात उमटलीच. तेव्हा मला आई आठवली. गाडी बुडावी असे वाटल्याबरोबर गप्प झालेली.