पाचव्या तारेची मागणी

गिटारच्या दुरुस्तीसाठी गाठावे लागणारे नागपूर भामरागडाहून साडेतीनशे किलोमीटर आहे, आणि पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागले म्हणजे ते किती दूर आहे हे किलोमीटरांत सांगून भागत नाही. म्हणूनच गेल्या श्रावणात माझ्या ओळखीचा एक तरुण आपली चार तारांची बेस गिटार पोत्यात गुंडाळून माझ्याकडे आला आणि "गुरुजी, हिला पाचवी तार बसवायची आहे, भोक कुठे पाडू तेवढे सांगा," असे म्हणाला, तेव्हा त्याच्या प्रश्नातील निकड मला पूर्णपणे समजली, तरी त्यास होकार देणे माझ्याने झाले नाही.

त्याची मागणी गैरवाजवी होती असे कोणी समजू नये. दिवाळीनंतर पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या मंडळ्या गावोगाव रात्र रात्र जागवतात, आणि तेथे ऑर्गन, तबला व ऑक्टोपॅड यांच्या साथीत गाणे प्रत्यक्ष रंगमंचासमोर बसून वाजवावे लागते. हा तरुण तेथे साथीस बसतो. गाणारा नट पट्टी ठरवतो, वादकाने ती पाळावयाची असते. आता चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खर्जातील तार 'ई' स्वरात, म्हणजे पेटीवरच्या पांढरी तीनमध्ये, लागते. गायकाने काळी एक किंवा काळी दोन मागितली की त्या पट्टीचा षड्ज या वाद्याच्या तळाखाली जातो आणि वादकास तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. ज्या वाद्याचे सारे प्रयोजनच गाण्याला खालून आधार देणे हे आहे, त्याने नेमका आधारस्वर वर उचलून धरावा, यातील खंत त्या मुलाने मला बोलून दाखवली आणि ती खरी आहे.

या वाद्याच्या चार तारा काही ईश्वरनिर्मित नाहीत. लिओ फेंडर याने 1951 साली अमेरिकेत विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा तिच्या ई, ए, डी, जी या तारा त्याने पाश्चात्त्य वाद्यवृंदातील उभ्या डबल बेसवरून जशाच्या तशा घेतल्या. पुढे 1965 मध्ये त्याच नावाच्या कारखान्यातून पाच तारांची बेस निघाली, परंतु तिची पाचवी तार खालच्या नव्हे तर वरच्या अंगाला होती, आणि ती लोकांना फारशी मानवली नाही. खर्जाची 'बी' तार रूढ झाली ती त्यानंतरच्या दशकापासून, वादकांच्या गरजेतून. यावरून एवढे निश्चित की तारांची संख्या वाढवणे हा अपराध नव्हे. प्रश्न आहे तो आधीच घडलेल्या वाद्याच्या अंगावर ती लादण्याचा.

त्या गिटारीची मापे आम्ही दोघांनी अंगणात बसून घेतली. घोडीवर, जिला ही मुले ब्रिज म्हणतात, पहिल्या तारेपासून चौथ्या तारेपर्यंत 57 मिलिमीटर अंतर भरले, म्हणजे दोन तारांमध्ये 19. तेवढ्याच रुंदीत पाच तारा बसवल्या तर हे अंतर सव्वाचौदावर येते. दांडीच्या डोक्याशी तर दहाचे साडेसात होते, आणि तेथे जाड तारांच्या मध्ये बोट टेकवावयास जागाच उरत नाही. शिवाय प्रत्येक तार दांडीला सोळा ते वीस किलो भाराने ओढत असते. पाचव्या खुंटीसाठी डोक्याच्या टोकाला, जेथे लाकूड सर्वांत तोकडे, छिद्र पाडावयाचे आणि त्याच वेळी त्या दांडीवर हा जादा भार घालावयाचा, हे एखाद्या वृद्ध बैलाची वेसण बदलताना त्याच्यावर आणखी एक पोते चढवण्यासारखे आहे. पिकअपातील चुंबकेही चार तारांच्या जागा धरून मांडलेली असल्याने पाचवीचा आवाज इतरांच्या मानाने दुबळा पडतो. अशी छिद्र पाडलेली एक गिटार मी काही वर्षांपूर्वी पाहिली आहे. एका शहरातील कारागिराने ते काम मोठ्या उत्साहाने केले होते, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिचे डोके खुंटीपाशी उभे चिरले.

आपल्याकडे तारा वाढवण्याची वहिवाट नाही असे नाही. तंबोरा चार तारांचा, तथापि पंचमाबरोबर निषादही हवा असणाऱ्या गवयांसाठी पाच व सहा तारांचे तंबोरे बनतातच. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांच्या घराण्याने तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला. मूळचे हत्यारांना धार लावणारे हे हात तंबोऱ्याकडे वळले आणि 2024 साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर पाच तारांचा तंबोरा घडवतो तेव्हा दांडीची रुंदी, घोडीची लांबी, खुंट्यांची जागा आणि जवारी या सर्वांचा विचार भोपळा निवडण्याच्या वेळीच करतो. वाद्याचा संकल्प पाच तारांचा असतो. पाचवी तार तेथे मागाहून आलेली पाहुणी नसते.

मग त्या तरुणाने काय करावे? त्यास मी जे सांगितले ते असे. पाच तारांचा संच विकत घ्यावा, त्यातील सर्वांत बारीक 'जी' तार बाजूला ठेवावी, आणि उरलेल्या बी, ई, ए, डी याच चार तारा आपल्या चार खुंट्यांवर चढवाव्यात. 'ई' दर सेकंदास 41 आंदोलने करते, 'बी' केवळ 31. तेवढ्याच लांबीत आणि तेवढ्याच ताणावर हा स्वर निघावयाचा तर तारेचे वजन पावणेदोनपटींहून किंचित अधिक हवे, म्हणून ती तार सव्वातीन मिलिमीटर जाड असते. तेव्हा जुनी अटी, म्हणजे दांडीच्या डोक्याशी तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी, जपून ठेवून नवी अटी आणावी आणि तिच्या खाचा बारीक कानशीने रुंद कराव्यात. तारेचे टोक घोडीच्या व खुंटीच्या छिद्रात जाते की नाही ते आधी पाहावे. दांडीतील सळई किल्लीने पाव पाव फेरा फिरवून दांडीचा बाक नीट करावा. वीस पडद्यांच्या गिटारीवर यात वरचे पाच स्वर जातात आणि खालचे पाच येतात. साथीच्या वादकास वरचे पाच क्वचितच लागतात, खालचे पाच दर रात्री लागतात. आणि मन बदलले तर जुनी अटी व जुन्या तारा लावून तासाभरात वाद्य पूर्ववत होते. जो बदल परत घेता येत नाही तो दुरुस्तीची सोय नसलेल्या मुलखात करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु दुरुस्तीची सोय का नसावी? जुन्या चांदा जिल्ह्यातील राजगोंडांच्या परधानांनी आपली तीन तारांची किंगरी पिढ्यान् पिढ्या स्वतःच जतन केली. आलापल्लीचा साग इतका नामांकित की 2023 साली अयोध्येच्या मंदिरासाठी तो बल्लारपूरहून रवाना झाला. ज्या अरण्यातून असे लाकूड निघते, त्या अरण्यातील मुलाला गिटारची एक अटी बदलण्यासाठी नागपूर गाठावे लागते, आणि ते परवडत नाही म्हणून तो पोत्यातून वाद्य आणून भोक कुठे पाडू असे विचारतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम शिकवतात, वीजतंत्रीचा अभ्यासक्रमही असतो, आणि विजेच्या वाद्याची दुरुस्ती बहुतांशी या दोन विद्यांच्या संगमातून होते. चिचपल्लीस बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे आहे. तेथे किंवा गडचिरोलीस वर्षातून दोन महिने मिरजेच्या एखाद्या कारागिरास सन्मानाने बोलावून वाद्यदुरुस्तीचा वर्ग चालवावा, यासाठी लागणारी रक्कम जिल्ह्याच्या जमाखर्चात डोळ्यांत भरण्याजोगी असणार नाही.

जिल्हा नियोजन समितीने या वर्गाची तजवीज येत्या वर्षीच करावी, आणि झाडीपट्टीच्या मंडळ्यांच्या चालकांनी भाऊबीजेपूर्वी आपल्या वादकांच्या सह्यांची दरखास्त समितीच्या दप्तरी दाखल करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.