चाकावरचा रंग म्हणजे लबाडी नव्हे

रमजान ईदच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी शारजाहून गावी आला होता. तिथे जुन्या मोटारी नव्यासारख्या करून देणाऱ्या एका गॅरेजात तो बफिंगचं काम करतो. शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एका जुन्या पोर्शे ९११चं चाक होतं. पाच पाकळ्यांचं, मधल्या खोलगट भागात काळा रंग, बाकी अंग मंद रुपेरी. बघता बघता काळा रंग उतरला, रुपेरी थर गेला, चाक पांढरंफटक पडलं. मग बफ फिरू लागला आणि शेवटी त्या चाकात समोर उभ्या असलेल्या मालकाचा चेहरा दिसू लागला.

"सर, बघा. आता खरं अॅल्युमिनियम दिसतंय."

मी तारीफ केली. हातात कसब आहे पोराच्या. मग तो खोकला, आणि बराच वेळ खोकत राहिला. तो गेल्यावर त्याच्या वाक्यातला 'खरं' हा शब्द मला टोचत राहिला. माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो. या दोन्ही भाषांनी वरच्या थराला लबाड ठरवून ठेवलंय. उर्दूत 'कलई खुलना', मराठीत 'पितळ उघडं पडणं'. वर्गात आम्ही दोन्हींचा अर्थ एकच लिहून देतो: ढोंग उघडकीस येणं. पण ज्यांच्या घरात पितळेची भांडी होती त्यांना विचारा. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकायचं आणि फेकून द्यावं लागायचं. आमच्या मोहल्ल्यात कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील फिरवायचा. पांढऱ्या धुराच्या वासाने आम्ही पोरं नाक दाबून उभी राहायचो. माझी दादी त्याला पैसे द्यायची ते भांडं चांदीसारखं दिसावं म्हणून नाही. घरातल्या माणसांच्या पोटात विष जाऊ नये म्हणून द्यायची. कल्हई हा त्या भांड्याचाच भाग होता.

चाकाचंही तसंच आहे. ज्या चाकाची ही गोष्ट, त्याला 'फुक्स' चाक म्हणतात. जर्मनीत माइनर्ट्सहागेन या गावी ओटो फुक्स नावाचा धातुकामाचा कारखाना आहे, त्यावरून हे नाव पडलं. आकार पोर्शेच्या हाइनरिश क्ली यांचा. १९६६मध्ये ९११ एस या मोटारीबरोबर ते बाजारात आलं. हे चाक साच्यात ओतलेलं नाही. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा गोळा दाबून, ठोकून बनवलेलं घडीव चाक आहे, म्हणून हलकंही आहे आणि मजबूतही. घडवल्यावर त्याला आम्लाच्या हौदात वीज सोडून अॅनोडायझिंग केलं जायचं. म्हणजे धातूच्याच पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण, जाड थर चढवला जायचा. अनेक फुक्स चाकांना मधल्या भागात काळा रंगही दिला जायचा. त्या काळ्यामुळेच पाच पाकळ्या उठून दिसतात. रंग काढला की घाट तोच राहतो, पण नक्षी पुसली जाते.

आता ते 'खरं' अॅल्युमिनियम. उघड्या अॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, पण तो इतका पातळ असतो की समुद्राच्या खाऱ्या दमट हवेपुढे त्याचं फारसं चालत नाही. शारजा काय, आमची कोकणपट्टी काय, मिठाची हवा दोन्हीकडे. ब्रेकची लोखंडी भुकटी त्यावर बसते, पाणी साचतं, बारीक खड्डे पडतात, चकाकी मळते. मग पुन्हा पॉलिश. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा धातू झिजतो. ज्याला आपण चमक म्हणतो ती त्या चाकाची हळूहळू होणारी झीज असते.

मालकांचं उत्तर मला ठाऊक आहे. 'गाडी माझी, पैसा माझा.' कबूल. पण हेच मालक मेळाव्यात गाडीपुढे उभं राहून 'एकदम ओरिजिनल' म्हणून सांगतात, त्याचं काय? आपल्याकडे २०२१मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात असावी, चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. चाकाच्या रंगाबद्दल त्यात काही नाही. पण कायदा जिथे थांबतो तिथे इमानदारीने पुढे चालायचं असतं. जुन्या पुस्तकाची पिवळी पानं कोणी पांढरी करून आणली आणि 'मूळ प्रत' म्हणून दाखवली, तर ग्रंथपाल त्याला दारातूनच परत पाठवेल.

दुसरं उत्तर जास्त रास्त आहे: 'रंग आधीच उडाला होता, फुगे आले होते.' बरोबर. रंगाखाली पांढरी भुकटी धरली असेल तर तो भाग साफ करायलाच हवा. पण भिंतीचा गिलावा पडला म्हणून कोणी घर उघड्या विटांवर सोडत नाही. खराब झालेला थर काढा, चाकाला तडा आहे का बघा, आणि जसा थर होता तसाच पुन्हा चढवा. यात कसब कमी लागत नाही, उलट जास्तच लागतं. फक्त त्यात मालकाचा चेहरा दिसत नाही.

आता त्या खोकल्याकडे येतो, कारण खरी किंमत तिथे मोजली जाते. जुना रंग उतरवणाऱ्या कित्येक रसायनांत मिथिलीन क्लोराइड असायचं. त्याच्या वाफेने माणसं दगावली, म्हणून अमेरिकेने २०१९मध्ये असं रंगनाशक सामान्य ग्राहकांना विकायला बंदी केली. अॅनोडायझिंग काढायला कॉस्टिक सोडा वापरतात. तो अॅल्युमिनियम खातो तशी कातडीही खातो. आणि बफखालून उडते ती अॅल्युमिनियमची धूळ. ती फुफ्फुसात जाते, आणि पेटतेही. २ ऑगस्ट २०१४ला चीनमधल्या कुनशान शहरात मोटारीच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात सकाळच्या पाळीत अशाच साचलेल्या धुळीचा स्फोट झाला. त्याच दिवशी ७५ माणसं गेली. भाजलेले पुढेही जात राहिले आणि आकडा १४६वर पोचला. धूळ ओढून घेणारी यंत्रणा वेळेवर साफ केली नव्हती. चीनमध्ये असंच चालतं, असं म्हणून सुटता येणार नाही. २००३मध्ये अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या हंटिंग्टनमध्ये, अॅल्युमिनियमची चाकं बनवणाऱ्या कारखान्यात धुळीच्या स्फोटाने एक कामगार मेला.

एका गॅरेजातल्या एका बफने एवढा हाहाकार होईल असं माझं म्हणणं नाही. पण धुळीचा धर्म सगळीकडे सारखाच असतो. तोंडाला रुमाल बांधून तिच्यासमोर दिवसाचे दहा तास उभा राहणारा पोरगा माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. त्या आरशात मालकाचा चेहरा उमटतो, पोराचा नाही.

निघायच्या आदल्या दिवशी तो भेटायला आला. "सर, तुमचं पटतंय. पण मी शेठला काय सांगू? गिऱ्हाईक चमकच मागतं." त्याचा फोरमन पाकिस्तानातल्या मुलतानचा आहे, उर्दू वाचतो. म्हणून मी फळ्यावर लिहितो तशा ठळक अक्षरांत एक पान उर्दूत लिहून दिलं. गिऱ्हाइकाला आधी मूळ रंगाचा पर्याय दाखवा. जिथे जमेल तिथे पाण्याच्या पेपरने हाताने घासा. बफला धूळ ओढणारा पंखा लावा आणि त्याची पिशवी रोज रिकामी करा, ओली धूळ कोंडून ठेवू नका. रुमालाऐवजी धुळीचा खरा मास्क द्या. मुलगा खोकतो आहे, त्याची छाती डॉक्टरला दाखवा.

शेवटची ओळ लिहिताना 'मुलगा' लिहावं की 'कारागीर', यावर मी थोडा अडखळलो. मुलगाच ठेवलं.

पान पोचलंय. फोरमनने वाचून खिशात घातलं, एवढाच निरोप आलाय.