भिंतीचें पांघरूण

श्रावण लागला कीं मुंबईच्या घरांत दोन वास एकदमच दरवळूं लागतात. एक देवघरांतल्या जाईजुईचा आणि दुसरा कपाटामागच्या ओलीचा. पहिल्याचें कौतुक करावें व दुसऱ्यापुढें उदबत्ती लावावी, असा आपला जुना परिपाठ आहे. अलीकडे उदबत्तीच्या जोडीला एक नवा उपाय बाजारांत आला आहे. एकमेकींत अडकणाऱ्या व पाण्यानें न भिजणाऱ्या फळ्या आणावयाच्या आणि ओल्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत जडवून टाकावयाच्या. दोन दिवसांत भिंत नव्या नवरीसारखी दिसूं लागते. या फळ्यांचा उपयोग कोठें करावा व कोठें करूं नये, हें देवनारच्या एका घरीं आम्हांस जें पाहावयास मिळालें त्यावरून चांगलें उमगलें. तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

हें घर आमच्या आप्तांचें. शेजारशेजारचीं दोन बिऱ्हाडें एक करून तीन पिढ्या तेथें गुण्यागोविंदानें नांदतात. आजीबाईंची खोली नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांत असल्यामुळें आषाढाची झड नेमकी तिच्याच भिंतीवर येते. दर पावसाळ्यांत त्या भिंतीचे पोपडे सुटावे आणि दर दिवाळीला तिच्यावर नवा रंग चढावा, असें कित्येक वर्षें चाललें होतें. दोन वर्षांपूर्वीं, वैशाखांत, धाकट्या चिरंजीवांनीं तेथें फळ्या बसवून घेतल्या. "आतां दहा वर्षें या भिंतीकडे पाहावें लागणार नाहीं," असें कारागिरानें जातांना छातीठोकपणें सांगितलें. आजीबाईंना तो बेत पहिल्यापासून रुचला नव्हता. "अरे, ती भिंत रडते आहे. तिचे डोळे पुसायचे सोडून तोंडावर पदर काय टाकतोस?" असें त्या म्हणाल्या; पण म्हाताऱ्या माणसाचें बोलणें म्हणून तें हंसण्यावारी गेलें.

आषाढ कोरडा गेलासा वाटला. श्रावणांत खोलीला कुबट वास येऊं लागला, आणि आजीबाईंच्या कुशींत निजणाऱ्या नातवाचा खोकला कांहीं केल्या हटेना. औषधें बदललीं, अंथरुणें उन्हांत घातलीं, कपाटें उपसून झालीं. शेवटीं भाद्रपदांत एक फळी उचकटून पाहिली. मागचा गिलावा ओल्या साखरेसारखा हाताला येत होता, काळी बुरशी हातभर पसरली होती, आणि फळ्यांच्या आधाराला ठोकलेल्या लाकडी पट्ट्या फुगून वांकल्या होत्या. फळ्या मात्र बसविल्या तशाच चकचकीत होत्या. कारागीर खोटें बोलला नव्हता. भिंतीकडे पाहावें लागलें नाहीं, हेंच तर विपरीत झालें.

दोष फळीचा नव्हता, जागेचा होता. पाणी भिंतीला दोन बाजूंनीं भेटतें. न्हाणीघरांत अंगावर घेतलेल्या पाण्याचे शिंतोडे खोलीकडून भिंतीकडे जातात. पावसाचें, गच्चीचें किंवा फुटक्या नळाचें पाणी भिंतींतून खोलीकडे येतें. पहिल्या प्रकारांत फळी ही ढाल होते. दुसऱ्यांत ती नुसतें झांकण होते. उघड्या भिंतीला निदान वारा लागतो व दोन पावसांच्या मधल्या उघडिपींत ती थोडी वाळते. झांकणाखालीं ती वाटही बंद होते, आणि अंधार, ओल व कोंडलेली हवा ही तिन्ही एकत्र आलीं कीं बुरशीला दुसरें कांहीं लागत नाहीं. ओलसर व बुरशीच्या घरांचा दमा आणि श्वसनाच्या इतर विकारांशीं संबंध आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक ग्रंथांत स्पष्ट म्हटलें आहे. नातवाच्या खोकल्याचें दुसरेंही कारण असूं शकेल. पण त्या खोलीनें त्यास मदत केली नाहीं, असें कोण म्हणेल?

कोंकणांतील आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ग्रंथ न उघडतां ठाऊक होती. ज्या अंगाला झड लागते त्या अंगाला ते मृगापूर्वीं विणलेल्या झापांचा आडोसा बाहेरून बांधीत, आणि पाऊस सरला कीं तो सोडून भिंतीला ऊन दाखवीत. त्यांचें पांघरूण बाहेरून असे व वर्षांतले कित्येक महिने काढून ठेवलेलें असे. आपण तें आंतून घातलें आणि कायमचें ठोकून टाकलें.

देवनारसारख्या ठिकाणीं या चुकीची किंमत अधिक पडते. पूर्वेस ठाण्याची खाडी व तिची खारफुटी, दक्षिणेकडे ट्रॉम्बेची टेकडी. हवा बारा महिने दमट आणि खारट. मुंबईच्या उपनगरांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरीनें २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथल्या इमारती सिमेंट-काँक्रीटच्या, आणि काँक्रीटच्या पोटांत लोखंडाच्या सळया. ओल व क्षार तेथवर पोंचले कीं सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि ती न मिळाल्यामुळें वरचें काँक्रीट आंतून फोडून काढतो. भिंतीवरचा तपकिरी डाग व तुळईच्या कडेची बारीक चीर ह्या त्या रोगाच्या पहिल्या खुणा होत. त्या झांकल्या गेल्या, तर रोग कळेल तेव्हां तो खोलीपुरता राहिलेला नसेल.

तेव्हां फळ्या घेण्यापूर्वीं पाण्याचा उगम शोधावा. त्यास कांहीं मोठी विद्या लागत नाहीं. पाऊस पडल्यावर एकदोन दिवसांनीं डाग वाढत असेल व उन्हाळ्यांत सुकत असेल, तर पाणी बाहेरचें. बारा महिने सारखाच ओला राहत असेल, तर नळाचें किंवा शेजारच्या न्हाणीचें. तळमजल्याच्या घरांत जोत्यापासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंतच ओल व लोणा असेल, तर पाणी जमिनींतून चढत आहे असें समजावें. संशय राहिल्यास हातभर लांबरुंद प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनीं चिकटपट्टीनें पक्का बसवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या भिंतीकडील अंगावर थेंब जमले, तर ओल भिंतींत आहे. खोलीकडील अंगावर जमले, तर ती खोलींतल्या हवेची आहे, आणि तिचा उपाय फळी नसून उघडी खिडकी हा आहे.

भिंतींत ओल निघाली कीं आधीं दुरुस्ती करावी. इमारत सहकारी संस्थेची असल्यास हें ध्यानांत ठेवावें, कीं पावसाच्या पाण्यामुळें व बाहेरील सामाईक नळांमुळें होणारी गळती दुरुस्त करणें हें नमुना उपविधींप्रमाणें संस्थेचें काम आहे. आपल्या न्हाणीच्या व मोरीच्या गळतीचा खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा. म्हणून संस्थेस लेखी कळवावें व डागाचीं छायाचित्रें तारखेसह ठेवावीं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची बळकटी तज्ज्ञाकडून तपासून घेणें मुंबईंत कायद्यानेंच आवश्यक आहे. त्या तज्ज्ञास फळीमागची भिंत दिसत नाहीं, हेंही विसरूं नये.

आतां फळीच्या गुणांकडे वळूं. कारण योग्य ठिकाणीं ती खरोखरच उपयोगी वस्तु आहे. न्हाणीघर, कपडे धुण्याची जागा, भांडीं घासण्याच्या मोरीमागची भिंत हीं तिचीं स्थानें. टाइलांच्या सांध्यांत मळ बसतो, तसा हिच्यांत बसत नाहीं. ओल्या फडक्यानें पुसली कीं स्वच्छ. ती बहुधा पीव्हीसीची असते; कांहींत लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. जोडण्याची युक्ति मात्र सुतारांची व फार जुनी आहे: एका कांठाला जीभ, दुसऱ्या कांठाला खोबण.

बसवितांना पुढील गोष्टींवर घरांतील एकानें तरी जातीनें नजर ठेवावी. सुटा गिलावा व जुना रंग खरवडून काढावा आणि भिंत पूर्ण सुकूं द्यावी. नवा गिलावा केला असल्यास एक उन्हाळा जाऊं देणें उत्तम. न्हाणीघरांत आधीं भिंतीवर जलरोधक लेप द्यावा, कारण फळी कितीही चांगली असली तरी सांध्यांतून थोडें पाणी मागें जाणारच. आधाराच्या पट्ट्या साध्या लाकडाच्या घेऊं नयेत. त्यांना ओल व वाळवी दोन्ही लागतात. पीव्हीसीच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या घ्याव्या, आणि त्या न गंजणाऱ्या स्क्रूंनीं घट्ट कराव्या. लेपास पडलेलें प्रत्येक भोंक सिलिकोननें बुजवावें. उभ्या फळ्यांना आडव्या पट्ट्या लागतात. त्या सलग न ठेवतां मधून मधून बोटभर जागा सोडावी, म्हणजे मागची हवा खेळती राहते.

पहिली फळी ओळंब्यानें अगदीं सरळ लावावी. ती केसभर कलली तर शेवटची हातभर कललेली दिसते. फळ्या आडव्या बसविणें झाल्यास जीभ वरच्या बाजूस ठेवावी. खोबण वर आली तर तिची पन्हळ होऊन तींत पाणी सांठतें. प्लास्टिक उष्णतेनें वाढतें. दहा फुटी पीव्हीसीची फळी २० अंशांच्या फरकानें सुमारें ३ ते ४ मिलिमीटर लांबते. तेव्हां वर व खालीं ५ मिलिमीटर जागा मोकळी सोडून ती कडेच्या पट्टीखालीं झांकावी. ही जागा न ठेवल्यास वैशाखांत फळ्या पोट काढतात. विजेच्या पेट्या फळीच्या पातळीवर पुढें आणून घ्याव्या. तारा मागें मोकळ्या लोंबत ठेवूं नयेत.

एक गोष्ट गृहिणींना विशेष आग्रहानें सांगावयाची आहे. शेगडीच्या मागें ही फळी कधींही लावूं नये. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडूं लागतें, आणि पेटल्यास त्याच्या धुरांत हायड्रोजन क्लोराइड हा डोळे व फुप्फुसें जाळणारा वायु निघतो. शेगडीमागें टाइल किंवा पोलादी पत्राच असावा. देवघरांतही, जेथें समईची ज्योत भिंतीजवळ असते, तेथें या फळ्यांचा मोह टाळावा.

देवनारच्या आप्तांनीं त्या भाद्रपदांत सगळ्या फळ्या उतरविल्या. आजीबाईंची खाट दिवाणखान्यांत आली व भिंत तशीच उघडी, विद्रूप, सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिली. पाहुण्यांपुढें सुनांना थोडें ओशाळें वाटे. पण संस्थेची मंडळी येऊन पाहून गेलीं तीं त्या विद्रूपपणामुळेंच. थंडींत बाहेरून परांची बांधली गेली, भेगा भरल्या, खिडकीवरची पडवी नीट झाली. पुढचा सगळा उन्हाळा भिंत वाळत राहिली. गेल्या वर्षींच्या पावसांत तिच्यावर डाग उमटला नाहीं, तेव्हां तिला साधा रंग दिला आणि आजीबाई आपल्या खोलींत परतल्या. उतरविलेल्या फळ्या वायां गेल्या नाहींत. त्या घासूनपुसून न्हाणीघरांत लागल्या, व तेथें झकास शोभतात.

परवां आम्ही गेलों, तेव्हां आजीबाई त्या भिंतीला पाठ टेकून वाती वळीत बसल्या होत्या. आम्ही भिंतीची चौकशी केली. त्यांनीं मागें हात नेऊन तळवा भिंतीवर क्षणभर ठेवला, जसा तापांतून उठलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा, आणि म्हणाल्या, "कोरडी आहे हो. पण रोज एकदां पाहतें मी." प्रत्येक घरांत असें रोज एकदां पाहणारें कोणीतरी असावें, आणि त्यांना पाहतां येईल अशी भिंत उघडी असावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.