टीडीएसचा आकडा आणि जुलाब

उमापुरात बोअरच्या जड पाण्यामुळे आर.ओ. यंत्रे आली. तरीही आजोबांना जुलाब होतात, आणि मुलगा मीटरवरचा 60 हा आकडा दाखवतो. मीटर खोटे बोलत नाही. तो केवळ विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नव्हे. भारतीय मानकातील लिटरला 500 मिलिग्रॅमची इष्ट मर्यादाही क्षारांचीच. कोळशाच्या फिल्टरमुळे गाळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. म्हणून साठवणटाकी, तोटी आणि माठात बुडणारा पेला आधी तपासावा. बोअरचा आकडा तोच असून गाळलेल्या पाण्याचा चढत गेल्यास यंत्रातील पडदा जीर्ण झाला समजावे. शंका फिटेपर्यंत पाणी खळखळून उकळावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धास जुलाब लागल्यास जलसंजीवनी सुरू करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.