घरच्या काइटबोर्डमध्ये काटकसर कुठे करावी?

मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावरून सरकायची फळी म्हणजे काइटबोर्ड. विकतची महाग, म्हणून प्लायच्या पातळ शीट किंचित बाक देऊन चिकटवायच्या आणि वर काचकापड अंथरून इपॉक्सी चढवायचे, हा घरगुती मार्ग. पेणमध्ये हे काम कुणाला अवघड वाटणार नाही. गणपतीच्या कारखान्यांमुळे साचे आणि घासकाम तिथे घरोघरी ठाऊक आहे.

काटकसर प्लायमध्ये जरूर करावी. पण पहिली कात्री लागते ती मास्क आणि हातमोज्यांना, आणि तिथेच गणित चुकते. इपॉक्सी कातडीला वारंवार लागले की ॲलर्जी जडू शकते. एकदा जडली की ती सहसा जात नाही, मग थोड्याशा स्पर्शानेही पुरळ उठते. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त ओतणे तर निव्वळ वेडेपणा. प्रमाण बिघडले की थर चिकटच राहतो. घासताना उडणारी काचेची धूळ रुमालाने अडत नाही, त्याला एन-९५ लागतो. इपॉक्सीऐवजी स्वस्त पॉलिस्टर रेझिन घेतले, तर त्याची वाफ एन-९५ही अडवत नाही. तिथे वाफेसाठीचे काडतूस असलेला मास्कच हवा. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांत जी शिस्त लागते, ती घरच्या पडवीतही लागते.

पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून तर हे काम करूच नये. वाफ घरात कोंडते, शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट थर येतो. उन्हाळ्यापर्यंत थांबावे. पतंग, त्याच्या दोऱ्या आणि संकटात पतंग सोडवणारी कळ मात्र विकतचीच घ्यावी.