नाव उडवा, प्रश्न उडाला!

मार्च २०२५ मधली गोष्ट. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात वरून हुकूम सुटला होता, की 'डायव्हर्सिटी'चं कौतुक करणारे फोटो आणि लेख वेबसाइटवरून काढून टाका. मुदत थोडी, माल अफाट. खात्याने घाईघाईत एक यादी केली आणि ती असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बाहेर काढली. त्यात २६,००० च्या वर फोटो होते. आणि त्यात चक्क एक विमान होतं! बी-२९ जातीचं बॉम्बर, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं. त्याचा गुन्हा काय? तर नाव. 'एनोला गे'.

तेच एकटं नव्हतं. गाळ काढण्याच्या कामाचे फोटो यादीत आले, बहुधा त्यातल्या इंजिनिअरचं आडनाव 'गे' म्हणून. माशांची वजनं-मापं घेणाऱ्या शास्त्रज्ञांचा फोटो आला, बहुधा खालच्या मजकुरात माशांचं 'जेंडर' नोंदवल्याचा उल्लेख होता म्हणून. जग हसलं. कार्टून्स आली, फॉरवर्ड्स आले. आपणही हसलो.

हीच अक्कल देवनागरीत चालवली तर काय होईल बघा. 'गे' शोधून उडवायचं म्हटलं, तर गेला, लगेच, मागे, जागे आणि सगेसोयरे, सगळे एका फटक्यात गेले! शिवाय 'गे माय' म्हणून आईला हाक मारायची आपली जुनी पद्धत, तीही गेली. (ही आई लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तर हसून झालं. आता मुद्दा. या प्रकरणावर सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य म्हणजे "कॉम्प्युटरला काय कळतंय!" माझा या वाक्यावर राग आहे. कॉम्प्युटरला तीन अक्षरं शोधायला सांगितली, त्याने इमानेइतबारे तीन अक्षरं शोधून दिली. यात बग कुठे आहे? बग रिक्वायरमेंटमध्ये आहे. 'हा इतिहास आम्हाला नको' असं सरळ म्हणायला तोंड लागतं आणि इतिहास वाचायला वेळ लागतो. त्यापेक्षा शब्दांची यादी देणं सोपं. कोणाला काही वाचायला नको, कोणाला सही करायला नको. नंतर बोंब झाली की 'सिस्टिमची चूक' म्हणायला आपण मोकळे.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हे नवीन नाही. १९९६ मध्ये एओएल या कंपनीने इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात एक शिवी दडली आहे. तेव्हापासून या प्रकाराला नावच 'स्कंथॉर्प प्रॉब्लेम'. आणि इंग्लंडला तरी कशाला जायचं? आपलं दीक्षित हे आडनाव रोमनमध्ये 'क्ष' फोडून लिहून बघा. आडनावाच्या पोटात शिवी! बिचाऱ्या दीक्षितांनी फॉर्म भरायचे कसे?

नावं सारखी असणं हा मुळात प्रॉब्लेमच नाही. जगात वस्तू फार आणि नावं कमी, त्यामुळे टक्कर होणारच. म्हणून तर आपण नेमस्पेस वापरतो. एक आपल्या जवळचं उदाहरण घ्या. ब्रिटिशांनी एक जेट बॉम्बर बनवलं आणि ऑस्ट्रेलिया त्याचं पहिलं परदेशी गिऱ्हाईक, म्हणून त्याला तिथल्या राजधानीचं नाव दिलं, 'कॅनबेरा'. ही विमानं आपल्या हवाई दलातही होती, पार २००७ पर्यंत. १८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या बारा कॅनबेरांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. आज वीकेंडला गोव्याला जाताना आपण जिथे उतरतो (मोपा नसेल तर!) तेच ते दाबोळी. पुढे १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर कहर झाला. ब्रिटिश सैनिक 'कॅनबेरा' नावाच्या बोटीतून तिथे गेले आणि अर्जेंटिनाची 'कॅनबेरा' विमानं त्याच ब्रिटिशांवर बॉम्ब टाकत होती! त्या लढाईत कोणीही बोटीला विमान समजलं नाही आणि कोणी ऑस्ट्रेलियाला दोष दिला नाही. संदर्भ माहीत असला की माणूस गोंधळत नाही. गोंधळ होतो तो संदर्भ फेकून नुसती अक्षरं हातात धरली की.

मग एनोला गे या नावाचा संदर्भ काय? इथे गोष्ट जरा काळी होते.

१८८६ मध्ये अमेरिकेत एक कादंबरी निघाली, तिच्या नायिकेचं नाव एनोला. त्या नायिकेवरून एका बापाने १८९३ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचं नाव एनोला गे ठेवलं. कादंबरीच्या शीर्षकाचा उत्तरार्ध होता 'तिची घातक चूक'. असो. ही मुलगी मोठी झाली, लग्न होऊन मिसेस टिबेट्स झाली. तिच्या मुलाने, पॉलने, डॉक्टर व्हावं असं वडिलांच्या मनात, आणि पोराला विमानं उडवायची. (ओळखीचं वाटतंय ना?) वडील चिडले, आई पाठीशी उभी राहिली. १९३७ मध्ये पॉल सैन्यात दाखल झाला. आठ वर्षांनी तो कर्नल होता आणि त्याच्याकडे जगातली सगळ्यात गुप्त कामगिरी होती. उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्याने विमानाच्या नाकाजवळ आईचं नाव रंगवून घेतलं. विमानाचा नेहमीचा कमांडर रॉबर्ट लुईस होता, त्याला न विचारता. नाव बघून तो भडकला म्हणतात.

मुलाच्या बाजूने बघितलं तर यात वाईट काय? आईने साथ दिली, मुलाने ऋण फेडलं. आपणही ट्रकच्या कपाळावर 'आईचा आशीर्वाद' लिहितोच. पण या ट्रकमध्ये काय भरलं होतं ते बघा. सुमारे ४,४०० किलोचा बॉम्ब, आणि त्याचं लाडाचं नाव 'लिटल बॉय'. म्हणजे आईच्या पोटातून छोटा मुलगा बाहेर पडला आणि सकाळी सव्वाआठला शहराच्या वर सुमारे ६०० मीटरवर फुटला. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात अंदाजे १,४०,००० माणसं मेली. शाळेतली पोरं होती, त्यांच्या आयाही होत्या. त्या आयांची नावं कोणत्याही विमानावर नव्हती.

माझा आक्षेप इथे सुरू होतो. नाव हे पॉइंटरसारखं असतं, ते कशाकडे तरी बोट दाखवतं. 'एनोला गे', 'लिटल बॉय' ही नावं मुद्दाम दुसरीकडे बोट दाखवतात. घराकडे, आईकडे, पाळण्याकडे. १,४०,००० प्रेतांकडे सोडून सगळीकडे. टिबेट्सने हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण गोड नावाचा परिणाम तोच होतो, नाव घेताना जीभ अडखळत नाही. आणि हा काही फक्त अमेरिकन रोग नाही. १९७४ साली पोखरणला झालेला आपला पहिला अणुस्फोट जगभर कोणत्या नावाने ओळखला जातो? 'स्मायलिंग बुद्धा'. अहिंसा शिकवणाऱ्या माणसाला आपण अणुस्फोटावर हसायला लावलं. कोणाची जीभ अडखळली?

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, निदान त्यावर नीट चर्चा तरी होते ना? होते की! १९९५ मध्ये बॉम्बला पन्नास वर्षं होणार होती. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने एनोला गेचं प्रदर्शन आखलं. विमान तर असणारच होतं, पण सोबत बॉम्ब टाकावा की नाही यावरचे वाद, आणि जपानहून आणलेल्या वस्तू. त्यात एका शाळकरी मुलीचा जळलेला जेवणाचा डबा होता. झालं, आग लागली. माजी सैनिकांच्या संघटना उठल्या, सप्टेंबर १९९४ मध्ये सिनेटने विरोधात ठराव केला. जानेवारी १९९५ मध्ये मूळ प्रदर्शन रद्द झालं. संचालक मार्टिन हार्विट यांनी मे महिन्यात राजीनामा दिला. जूनमध्ये जे उघडलं त्यात विमानाचा पुढचा भाग आणि त्याची डागडुजी कशी केली याची माहिती होती. डबा नव्हता.

सैनिकांची बाजूही समजून घ्यायला हवी. पॅसिफिकमध्ये मित्र गमावलेली, सत्तरी गाठलेली ही माणसं. बॉम्ब पडला म्हणून जपानवर स्वारी करावी लागली नाही आणि आपण जिवंत घरी आलो, असं त्यांना मनापासून वाटत होतं. जपानी सैन्याने चीनमध्ये केलेले अत्याचार काही खोटे नव्हते. हे सगळं प्रदर्शनात मांडा, ठळक मांडा, ही मागणी रास्तच होती. पण डबा काढा? डब्याने कोणावर आरोप केला होता? तो फक्त तिथे असणार होता.

आता १९९५ आणि २०२५ शेजारी ठेवा. पहिल्या वेळी नाव ठेवलं आणि अर्थ काढला. दुसऱ्या वेळी अर्थ न बघता नावच काढायला घेतलं. दिशा उलट, पण युक्ती एकच. नावाशी खेळत बसायचं, म्हणजे वस्तूकडे बघावं लागत नाही. म्हणून मला २०२५ चा प्रकार नुसता विनोदी वाटत नाही. त्याच महिन्यात, त्याच मोहिमेत, दुसऱ्या महायुद्धात आपल्या भाषेतून गुप्त संदेश पाठवणाऱ्या नावाहो सैनिकांची पानंही गायब झाली होती. आरडाओरडा झाल्यावर परत आली. ज्यांच्यासाठी ओरडणारं कोणी आहे त्यांचं पान परत येतं. बाकीच्यांचं काय?

या सगळ्यात नाव मात्र मजेत हिंडतंय. १९८० मध्ये ऑर्केस्ट्रल मॅन्युव्हर्स इन द डार्क या ब्रिटिश बँडने 'एनोला गे' नावाचं गाणं काढलं, बॉम्बच्या विरोधातलं, पण ठेका असा की लोक आजही त्यावर नाचतात. पेनसिल्व्हेनियात एनोला नावाचं गाव आहे, तिथे रेल्वेचं मोठं यार्ड आहे. आणि शेरलॉक होम्सची धाकटी बहीण एनोला होम्स तर तुम्ही नेटफ्लिक्सवर बघितलीच असेल, नॅन्सी स्प्रिंगरच्या पुस्तकांमधली. तिच्या नावाची स्ट्रिंग रिव्हर्स केली की इंग्रजीत 'एकटी' असा शब्द निघतो. यातल्या कोणालाही लपवायची गरज नाही. गाणं ऐका, सिनेमा बघा. फक्त नाव कुठून कुठे गेलं हे माहीत असू द्या.

आणि हे मी आपल्याच जमातीला सांगतोय, कारण या याद्या शेवटी आपल्याच टेबलावर येतात. 'हे शब्द आले की ब्लॉक करा', 'ही नावं जुळली की अर्ज अडवा'. जिरा तिकीट, दोन पॉइंट्स, शुक्रवारपर्यंत. दहा ओळींची स्क्रिप्ट, रेजेक्स चालला, तिकीट बंद, चला चहाला. त्या वेळी एक प्रश्न विचारायला काही मॅनेजमेंट डिग्री लागत नाही: यातून नक्की काय जावं असं तुम्हाला वाटतंय, आणि गेलेलं कोण वाचून बघणार? याचं उत्तर 'कोणी नाही' असेल, तर ती सफाई नाही. ते डोळे मिटून टाकलेले बॉम्ब आहेत. "आम्ही फक्त इम्प्लिमेंट केलं" हे वाक्य फार जुनं आहे आणि त्याचा इतिहास चांगला नाही.

टिबेट्स २००७ मध्ये वारला. आपण बरोबरच केलं असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. पण त्याची शेवटची इच्छा होती, अंत्यविधी नको आणि थडग्यावर दगडही नको. निदर्शनं करणाऱ्यांना जागा मिळेल ही भीती. ज्याने आईचं नाव जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध विमानावर रंगवलं, त्याला स्वतःचं नाव एका दगडावरही नको होतं.

हिरोशिमात याच्या बरोबर उलटं चालतं. तिथल्या शांती उद्यानात कमानीसारखं एक स्मारक आहे, त्याच्या पोटात वह्या ठेवल्या आहेत. बॉम्बने मेलेल्यांची, आणि त्यातून वाचून पुढे कधीतरी वारलेल्यांची नावं त्यात आहेत. दर वर्षी ६ ऑगस्टला त्यात नवी नावं जातात. आता ती ३,४०,००० च्या वर गेली आहेत. त्यातही एकसारखी नावं असतील, एकाच नावाचे कित्येक लोक असतील. म्हणून कोणी डुप्लिकेट समजून एकही ओळ डिलीट केलेली नाही.