रकान्याबाहेरचे मूल

प्रशासनाचा एक जुना स्वभाव आहे : जे मोजले जाते, तेच त्याला दिसते. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकांच्या बाबतीत आपण नोंदलेले गुन्हे, दाखल आरोपपत्रे आणि निकाली खटले मोजतो. ते मूल पुन्हा शाळेत जाऊ लागले काय, हा रकाना सहसा आढळत नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी संवाद साधण्यात आला. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. बहुतेकांनी त्याची वाच्यता कोठेही केली नव्हती. म्हणूनच मूल उशिरा बोलले, तुकड्यातुकड्यांनी बोलले, यावरून ते खोटे ठरत नाही. शरीरावर खूण नसणे हाही अत्याचार न झाल्याचा पुरावा नव्हे. मूल्यमापनाची सुरुवात या दोन गोष्टींपासून व्हावयास हवी.

२०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा हे जाणतो. कलम २४ नुसार जबाब बालकाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो आणि पोलीस अधिकारी गणवेशात नसावा लागतो. कलम ३३ अन्वये वकिलांचे प्रश्न न्यायालयामार्फतच बालकास विचारले जातात. कलम ३८ मध्ये दुभाष्याची सोय आहे. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती विशेष ध्यानात ठेवावी. भय आणि लज्जा मातृभाषेतच बोलतात.

२०२० च्या नियमांनी बालकल्याण समितीमार्फत सहायक व्यक्ती नेमण्याची आणि अन्न, प्रवास यांसारख्या निकडीच्या गरजांसाठी तातडीचे साहाय्य देण्याची तरतूद केली. सहायक व्यक्ती पुरविणे ऐच्छिक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो पटत नाही. आरोपी पुष्कळदा घरातलाच, कधी घराचा एकमेव कमावता असतो. अशा वेळी आधाराविना राहिलेले कुटुंब साक्ष फिरविते. मग पोलीस, प्रयोगशाळा आणि न्यायालय यांवर झालेला सारा खर्च वाया जातो. सहायकाचे मानधन त्या मानाने किरकोळ आहे.

म्हणून जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात तीन रकाने वाढवावेत : सहायक व्यक्ती किती दिवसांत नेमली, तातडीचे साहाय्य केव्हा पोहोचले, आणि सहा महिन्यांनंतर मूल शाळेत आहे काय. यासाठी नवा कायदा लागणार नाही. शिक्षा गुन्हेगारास होते. मुलाला काय मिळाले, हे विचारणे शासनाचे कर्तव्य आहे.